चित्र पुढे, आवाज मागे : कन्सोल, टीव्ही आणि साउंडबारचा मेळ बसवताना

गेम खेळताना आवाज चित्राच्या मागे पडतोय म्हणून साउंडबारच्या, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरपट्टीच्या, रिमोटवर ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ शोधून तुम्ही आकडा वाढवत बसला असाल, तर आधी तो पुन्हा शून्यावर आणा. हे सेटिंग आवाजाला फक्त थांबवून ठेवू शकतं. आवाजाला घाई करायला लावणं कुठल्याच यंत्राला जमत नाही. जो आवाज साउंडबारपर्यंत अजून आलेलाच नाही, तो त्याने आधी वाजवायचा कसा?

बहुतेकांचे दिवस इथेच वाया जातात. माझेही गेले. चित्रपट बघताना ओठ आणि शब्द जुळत नव्हते म्हणून मी एकदा साउंडबारवर १२० मिलिसेकंदांचा डिले लावला, चित्रपट छान दिसला, आणि ते सेटिंग तसंच राहिलं. पुढे कित्येक आठवडे प्रत्येक गेममध्ये गोळी झाडल्यावर आवाज उशिरा येत होता आणि मी केबल बदलत होतो.

म्हणून मनाशी एकच गोष्ट धरून सुरुवात करा. उशीर दुरुस्त करता येत नाही, तो फक्त काढून टाकता येतो. आवाज कन्सोलमधून निघतो, टीव्हीत शिरतो, तिथून साउंडबारमध्ये जातो आणि मग कानावर येतो. या वाटेवर तो कुठे कुठे थांबतो ते शोधायचं आणि एकेक थांबा उठवायचा. सगळी सेटिंग्ज एकदम बदलू नका. एका वेळी एकच बदला आणि तपासा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कधीच कळणार नाही.

नक्की काय मागे पडतंय?

‘लॅग येतोय’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. पहिली : बटण दाबल्यावर चित्रच उशिरा हलतं. हा टीव्हीच्या चित्राचा दोष आहे आणि त्याचा साउंडबारशी काही संबंध नाही. दुसरी : चित्र वेळेवर हलतं, आवाज मागून येतो. तिसरी : आवाज आधी येतो आणि चित्र मागून. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि दुसरीचा उपाय तिसरीच्या अगदी उलट आहे.

ओळखायचं कसं? गेममधल्या संवादांवरून ठरवू नका. पात्रांच्या ओठांची हालचाल पुष्कळदा शब्दांशी सैलच जुळवलेली असते, त्यामुळे यंत्रणा निर्दोष असली तरी खटकतं. तुटक, टोकदार आवाज घ्या : बंदुकीचा बार, चेंडूला बसलेली लाथ, उडी मारून जमिनीवर पडलेले पाय. त्याहून सोपं म्हणजे कन्सोलच्या मुख्य मेनूत कर्सर इकडून तिकडे नेताना होणारी ‘टिक’. ती नेहमी सारखी असते आणि हवी तितक्या वेळा वाजवता येते.

आता हीच टिक तीन ठिकाणी ऐका. साउंडबारवर ऐका. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज टीव्हीच्याच स्पीकरवर घ्या. आणि प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स असेल तर कंट्रोलरच्या ३.५ मिलिमीटरच्या खाचेत वायरचा हेडफोन लावूनही ऐका. हेडफोनवर आवाज वेळेवर येत असेल तर कन्सोल निर्दोष आहे. टीव्हीच्या स्पीकरवरही ठीक असेल तर दोष टीव्हीपासून साउंडबारपर्यंतच्या टप्प्यात आहे, आणि शंभरातल्या बहुतेक घरांत तो तिथेच असतो असं माझं मत आहे. तिन्ही ठिकाणी मागे पडत असेल तर आधी दुसरा गेम लावून बघा. कधी कधी तो एकच गेम आवाज उशिरा सोडतो आणि मग घरातली कुठलीही खटपट उपयोगाची नसते.

थोडं आकड्यांबद्दल. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० चित्रं असतील तर ८.३. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. तुम्ही पडद्यापासून तीन मीटरवर बसत असाल तर ९ मिलिसेकंदांचा उशीर निसर्गानेच दिलेला आहे. लांबवरची वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, याची माणसाच्या मेंदूला सवय आहे, म्हणून मागून येणारा आवाज आपण बराच चालवून घेतो. आधी येणारा आवाज मात्र लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये प्रसारणासाठी केलेल्या शिफारशीत हेच दिसतं : आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लोकांना जाणवतं, मागे पडलेला मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. पण हे आकडे नुसतं बघणाऱ्याचे आहेत. गेममध्ये बटण तुम्ही स्वतः दाबलेलं असतं, आवाज कधी यायला हवा हे बोटाला माहीत असतं, त्यामुळे खेळणाऱ्याला त्याहून कमी उशीरही टोचतो. तालावर बटणं दाबायच्या गेममध्ये तर फारच.

कानावर विश्वास ठेवू नका, मोजा

सेटिंग बदलून पाच मिनिटं ऐकलं की कान नव्या उशिराला सरावतो आणि ‘सुधारलं वाटतं’ असं होतं. म्हणून मोजायची एक साधी रीत देतो. तिला फक्त फोन लागतो, कॅमेराही लागत नाही.

फोनमधला आवाज ध्वनिमुद्रित करणारा अ‍ॅप उघडा. फोन एका ठिकाणी ठेवा आणि मोजणी संपेपर्यंत हलवू नका. कंट्रोलर फोनच्या अगदी जवळ धरा. कन्सोलच्या मेनूत जाऊन दिशेचं बटण जोरात दाबा, इतकं की बटणाचा स्वतःचा ‘टक’ फोनला ऐकू जाईल. साउंडबारचा आवाज चांगला मोठा ठेवा. असं दहा वेळा करा, मध्ये दोन-दोन सेकंद सोडा. मग हे मुद्रण आवाजाच्या लाटा दाखवणाऱ्या कुठल्याही संपादन-अ‍ॅपमध्ये उघडा. प्रत्येक वेळी दोन उंचवटे दिसतील : पहिला बटणाचा, दुसरा स्पीकरचा. मधलं अंतर मोजा आणि दहांची सरासरी काढा. दहा वेळा कशासाठी, तर बटण नेमकं कुठल्या चित्राच्या आत पडलं यावर दर वेळी थोडा फरक पडतो.

आता आवाज टीव्हीच्या स्पीकरवर घेऊन हेच पुन्हा करा. दोन सरासऱ्यांमधला फरक म्हणजे साउंडबारच्या वाटेने वाढवलेला उशीर. समजा टीव्हीवर ९० मिलिसेकंद आले आणि साउंडबारवर १७०, तर तुम्हाला शोधायचे आहेत ते मधले ८०. सुरुवातीचे ९० कंट्रोलर, गेम आणि टीव्ही यांचे आहेत. ते साउंडबारच्या माथी मारू नका. पुढचं प्रत्येक पाऊल टाकल्यावर हीच मोजणी करा आणि आकडा कागदावर लिहा. या रीतीत कॅमेऱ्याच्या चित्र-आवाजातला फरक मध्ये येत नाही, म्हणून ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते.

चित्र आणि आवाज यांच्यातलंच अंतर बघायचं असेल तर मात्र कॅमेरा लागतो. सेकंदाला ६० चित्रांवर व्हिडिओ घ्या, आणि आधी कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवा. हात भिडताना दिसणं आणि टाळी ऐकू येणं यांत फोनच्या मुद्रणातच दोन-तीन चित्रांचा फरक निघाला, तर तेवढा पुढच्या मोजणीतून वजा करा.

वाट कोणती आहे ते बघा

पाठीमागे वाकून केबल कुठून कुठे गेली आहे ते प्रत्यक्ष पाहा. आठवणीवर जाऊ नका.

टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत ‘साउंड आउटपुट’ उघडा. तिथे ब्लूटूथ निवडलेलं असेल तर तुमचा शोध बहुधा संपला. केबल लावलेली असूनही पहिल्या दिवशी केलेली ब्लूटूथची जोडणीच चालू राहिलेली असते, असं होतं. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो, पलीकडे साठवून मग उलगडला जातो. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत यात १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात, कधी जास्तही. गाणी ऐकायला ते चालतं. चित्रपटात टीव्ही चित्रच तेवढं मागे ठेवून मेळ घालू शकतो. गेममध्ये तसं करता येत नाही, कारण पुढच्या क्षणी तुम्ही काय दाबणार आहात हे कुणालाच माहीत नसतं. ब्लूटूथवर राहून गेमचा उशीर घालवायच्या मागे लागू नका, केबल लावा. वायफायवरून टीव्हीशी जोडल्या जाणाऱ्या साउंडबारबाबतही गेमपुरतं माझं मत हेच आहे.

ऑप्टिकल केबल जुनी असली तरी वाईट नाही. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी दोन चॅनेलचा पीसीएम, म्हणजे न दाबलेला, आवाज विनाविलंब म्हणावा इतक्या लवकर नेते. मर्यादा एवढीच की ५.१ आवाज, म्हणजे भोवतीचे पाच चॅनेल आणि एक खर्जाचा, हवा असेल तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या आवाज दाबायच्या पद्धतींत दाबूनच पाठवावा लागतो. साउंडबारची एचडीएमआय जोडणी हट्टीपणा करत असेल तर तपासणीसाठी ऑप्टिकल लावून मोजा. आकडा एकदम खाली आला तर दोष एचडीएमआयच्या सेटिंगमध्ये आहे हे पक्कं झालं.

बहुतेकांकडे असते ती एचडीएमआय आर्क किंवा ई-आर्क. आर्क २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, ई-आर्क २०१७ मध्ये २.१ बरोबर. दोन्हींत कन्सोल टीव्हीला जोडलेला असतो आणि टीव्ही आवाज त्याच केबलवरून उलटा साउंडबारकडे पाठवतो. फरक रुंदीचा आहे. आर्कमधून दोन चॅनेलचा पीसीएम जातो किंवा दाबलेला ५.१. ई-आर्कमधून न दाबलेला ५.१ आणि ७.१ सुद्धा जातो, आणि चित्राशी मेळ घालण्यासाठी दोन्ही यंत्रांनी एकमेकांना उशीर कळवण्याची सोय त्यात सक्तीची आहे. केबल टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘आर्क’ किंवा ‘ई-आर्क’ लिहिलंय त्यातच हवी. मग टीव्हीच्या मेनूत ‘ई-आर्क मोड’ बंद तर नाही ना ते पाहा. अनेक टीव्हींवर ते हाताने चालू करावं लागतं.

एक अडचण आधी सांगून ठेवतो. बऱ्याच टीव्हींमध्ये ४के १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० ४के चित्रं, चालणारी दोनच पोर्ट असतात आणि त्यांतलं एक ई-आर्कचं असतं. दोन नवे कन्सोल आणि साउंडबार असं तिन्ही असेल तर एका कन्सोलला साध्या पोर्टवर बसावं लागतं.

आता माझी आवडती वाट. साउंडबारला ‘एचडीएमआय इन’ असेल तर कन्सोल थेट साउंडबारला लावा आणि तिथून केबल टीव्हीला न्या. आवाज टीव्हीत शिरतच नाही. टीव्ही आवाजाचं काय करतो, कशात बदलतो, किती साठवतो, हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. अट एकच : साउंडबारमधून चित्र पलीकडे जाताना त्याची क्षमता कमी होऊ नये. पुष्कळ साउंडबारची ही सोय एचडीएमआय २.० इतकीच, म्हणजे १८ गिगाबिटची असते, आणि मग ४के १२० हर्ट्झ मिळत नाही. ६० हर्ट्झवर खेळणाऱ्याने याची फिकीर करू नये. १२० हवंच असेल तर साउंडबारच्या माहितीपुस्तिकेत ‘४के १२० पास थ्रू’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का बघा. साउंडबारवर एकच एचडीएमआय पोर्ट असेल आणि त्यावर ‘टीव्ही’ किंवा ‘आर्क’ लिहिलं असेल तर ते आत येणारं पोर्ट नाही, ही वाट तुमच्यासाठी बंद आहे.

आणि केबलबद्दल : महागडी केबल घेऊन उशीर कमी होत नाही. खराब केबलमुळे चित्र काळं होतं, आवाज तुटतो, ठिपके उडतात. आवाज सातत्याने तेवढाच मागे पडणं हे केबलचं लक्षण नाही.

कन्सोल काय पाठवतो

वाट ठरली की त्यावरून आवाज कोणत्या रूपात जातो ते बघायचं. इथे सगळ्यांत जास्त मिलिसेकंद सापडतात, म्हणून घाई करू नका.

पीसीएम म्हणजे न दाबलेला आवाज. तो बांधायला वेळ लागत नाही आणि सोडायलाही नाही. डॉल्बी डिजिटलमध्ये आवाज १,५३६ नमुन्यांच्या (नमुना म्हणजे आवाजाची एका क्षणाची नोंद) गठ्ठ्यांत बांधला जातो. सेकंदाला ४८,००० नमुने असतात, म्हणजे एक गठ्ठा ३२ मिलिसेकंदांचा. गठ्ठा पूर्ण भरल्याशिवाय तो बांधता येत नाही, आणि पलीकडे साउंडबारला तो सोडावा लागतो. चित्रपटात हे गठ्ठे आधीच बांधून ठेवलेले असतात. गेममध्ये ते तुम्ही खेळत असतानाच बांधायचे असतात, त्यामुळे हा वेळ थेट तुमच्या वाट्याला येतो.

याहून वाईट म्हणजे टीव्हीने मध्येच गठ्ठे बांधणं. कन्सोल पीसीएम ५.१ पाठवतो, टीव्हीचं आउटपुट डॉल्बी डिजिटलवर ठेवलेलं असतं, मग टीव्ही तो आवाज घेऊन स्वतः गठ्ठे बांधतो आणि पुढे पाठवतो. टीव्हीतला हा छुपा थांबा मेनूत कुठेही दिसत नाही. म्हणून नियम असा ठेवा की कन्सोलमधून जे निघालं तेच साउंडबारला मिळालं पाहिजे, मध्ये कुणी रूप बदलायचं नाही.

प्लेस्टेशन ५ वर ‘सेटिंग्ज’, ‘साउंड’, ‘ऑडिओ आउटपुट’ इथे जा. जोडलेल्या यंत्राचा प्रकार ‘साउंडबार’ करा आणि ‘ऑडिओ फॉरमॅट’मध्ये ‘लिनिअर पीसीएम’ निवडा. डॉल्बी किंवा डीटीएस आत्ता नको. मोजणी झाल्यावर हवं तर परत या.

एक्सबॉक्स सीरीज एक्स किंवा एसवर ‘जनरल’मधल्या ‘व्हॉल्यूम अँड ऑडिओ आउटपुट’मध्ये ‘एचडीएमआय ऑडिओ’ उघडा. ई-आर्क असेल किंवा कन्सोल थेट साउंडबारला असेल तर ‘५.१ अनकम्प्रेस्ड’ किंवा ‘७.१ अनकम्प्रेस्ड’, साधं आर्क असेल तर ‘स्टिरिओ अनकम्प्रेस्ड’. ‘बिटस्ट्रीम आउट’, म्हणजे दाबलेल्या रूपात पाठवणं, निवडून त्याखाली डॉल्बी अ‍ॅटमॉस लावलेलं असेल तर ते काढून आधी एकदा मोजा. गेममधला अ‍ॅटमॉस तिथल्या तिथे तयार होऊन बांधला जातो आणि साउंडबारमध्ये उलगडला जातो. डोक्यावरून जाणारा आवाज सुंदर असतो, मी तो नाकारत नाही. कथेच्या, सावकाश चालीच्या गेमला तो ठेवा आणि नेमबाजी-मारामारीच्या गेमला पीसीएम. दोन्ही एकाच सेटिंगवर खेळायचा हट्ट सोडला की कटकट निम्मी होते.

निन्टेन्डो स्विचचं प्रकरण वेगळं आहे. तो डॉल्बी पाठवतच नाही. स्विचच्याच सेटिंग्जमध्ये टीव्हीच्या आवाजासाठी ‘सराउंड’ निवडलं तर पीसीएम ५.१ पाठवतो, नाहीतर स्टिरिओ. साध्या आर्कमधून पीसीएम ५.१ जात नाही. तेव्हा एकतर टीव्ही तो दाबून पाठवतो किंवा दोनच चॅनेल पुढे जातात. आर्क असेल तर स्विच सरळ ‘स्टिरिओ’वर ठेवा.

टीव्हीत दोन कामं

पहिलं काम चित्राचं. कन्सोलच्या पोर्टवर गेम मोड, म्हणजे चित्रावरची प्रक्रिया कमी करून ते लवकर दाखवणारं सेटिंग, लावा. कन्सोल आणि टीव्ही दोघांनाही एएलएलएम (‘ऑटो लो लेटन्सी मोड’) माहीत असेल तर गेम सुरू होताच तो आपोआप लागतो, पण तो खरंच लागलाय का हे टीव्हीच्या माहितीपट्टीवर डोळ्यांनी बघा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, एलजीवर ‘ट्रू मोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’, बंद असू द्या. दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र काढायला टीव्हीला पुढचं चित्र हातात यावं लागतं, म्हणजे आधीचं अडवून ठेवणं आलंच.

इथे पुष्कळजण गोंधळतात : गेम मोड लावल्यावर आवाज आणखी मागे पडला! आवाज होता तिथेच आहे. चित्र लवकर यायला लागलं, म्हणून आधी झाकलेला उशीर उघडा पडला. यावर गेम मोड काढून टाकणं म्हणजे दोघांनाही उशिरा आणणं. शांतपणे खेळायच्या गेममध्ये कुणी तसं केलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही, मेळ तर बसतो. पण जिथे बोटाच्या वेगावर हार-जीत ठरते तिथे हा सौदा तोट्याचा आहे.

दुसरं काम आवाजाचं. ‘डिजिटल आउटपुट फॉरमॅट’ किंवा अशाच नावाखाली ‘पीसीएम’, ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’, ‘पास थ्रू’ असे पर्याय सापडतील. ई-आर्क असेल तर ‘पास थ्रू’, म्हणजे टीव्हीने हात न लावता पुढे पाठवायचं. साधं आर्क किंवा ऑप्टिकल असेल तर ‘पीसीएम’. नावं कंपनीगणिक बदलतात आणि ‘ऑटो’चा अर्थ प्रत्येक टीव्ही आपापल्या परीने लावतो, म्हणून दोन-तीन पर्याय लावून प्रत्येकाची मोजणी करा. मग त्याच मेनूत ‘डिजिटल आउटपुट ऑडिओ डिले’ किंवा ‘एव्ही सिंक’ शोधा आणि शून्यावर आणा. काही एलजी टीव्हींवर तिथे ‘बायपास’ हा पर्याय असतो, तो लावला की टीव्ही आवाज मुळीच अडवून धरत नाही. ‘आवाजाची पातळी सारखी करा’, ‘संवाद ठळक करा’, कृत्रिम बुद्धिमत्तेचा साउंड मोड, सगळं बंद करा.

सॅमसंगचं क्यू-सिंफनी किंवा एलजीचं वॉव ऑर्केस्ट्रा वापरत असाल, म्हणजे टीव्ही आणि साउंडबार दोघांचेही स्पीकर एकत्र वाजवत असाल, तर तपासणीपुरतं तेही बंद करा. दोन ठिकाणचा आवाज जुळवायचा म्हणजे लवकर येणाऱ्याला उशिरा येणाऱ्यासाठी थांबावं लागणार.

साउंडबार

डिले शून्यावर आहे हे तुम्ही सुरुवातीलाच पाहिलं आहे. आता ‘ऑटो लिप सिंक’ बघा. ही सोय एचडीएमआय १.३ पासून, म्हणजे २००६ पासून आहे. टीव्ही साउंडबारला सांगतो की माझं चित्र इतकं उशिरा येतं, तू आवाज तेवढा धरून ठेव. कल्पना चांगली आहे. पण गेम मोड लागल्यावर चित्र लवकर येऊ लागलं आणि टीव्हीने नवा आकडा कळवलाच नाही, तर साउंडबार जुन्याच आकड्यावर आवाज धरून बसतो. म्हणून गेमसाठी ऑटो लिप सिंक बंद करून मोजा. अचानक ५०-६० मिलिसेकंद गळून पडले तर चोर सापडला.

दोन चॅनेलच्या आवाजातून भोवतीचा आवाज तयार करणारे मोड, खोलीप्रमाणे आवाज बदलणारे मोड, रात्रीचा मोड, हे सगळे आवाजावर प्रक्रिया करतात. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘डायरेक्ट’वर ठेवून बघा. ‘गेम’ नावाचा मोड मात्र तपासून घ्या. काहींमध्ये तो खरोखर उशीर कमी करतो, काहींमध्ये फक्त पावलांचा आवाज मोठा करतो. नावावर जाऊ नका, आकडा बघा. मागचे स्पीकर बिनतारी असतील तर त्यांच्यापर्यंत आवाज पोचेपर्यंत मुख्य पट्टीही थोडी थांबते. ते काढून एकदा मोजलंत तर त्यांची किंमत किती हे कळेल, मग ठेवायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

कधी येतो, कधी जातो

काल ठीक होतं, आज मागे पडतंय, अशी तऱ्हा असेल तर सेटिंगपेक्षा यंत्रांमधली ओळखपाळख बिघडलेली असते. कन्सोल झोपेतून उठला, टीव्ही आधीच चालू होता, साउंडबार मागून जागा झाला, आणि तिघांनी आवाजाचं रूप चुकीचं ठरवलं. तिघांच्याही प्लग काढा, एक मिनिट थांबा, आधी टीव्ही, मग साउंडबार आणि शेवटी कन्सोल चालू करा. रोज हीच वेळ येत असेल तर कन्सोलचा विश्रांती मोड काही दिवस बंद करून पूर्ण बंद करायची सवय लावून बघा, आणि टीव्ही व साउंडबार दोघांचंही सॉफ्टवेअर अद्ययावत करा. खेळता खेळता तासाभरात उशीर हळूहळू वाढत जात असेल तर ते सेटिंगचं काम नाही. टीव्हीवरचं आवाजाचं आउटपुट बदलून परत आणलं की तो तुटतो का ते पाहा. तुटत असेल तर मध्ये कुठेतरी साठवण भरत चालली आहे, आणि त्यावर सॉफ्टवेअर अद्ययावत करणं किंवा वाट बदलणं हेच दोन उपाय आहेत.

चित्रपटासाठी उलटं

गेमचं सगळं शून्यावर आणल्यावर त्याच संचावर चित्रपट लावलात तर आता आवाज आधी येईल. गेम मोड नाही, चित्रावर भरपूर प्रक्रिया चालू आहे, चित्र उशिरा येतंय. लिप सिंकचं बटण खरं याच वेळी वापरायचं. १० किंवा २० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी वाढवत जा, खऱ्या माणसाचा जवळून घेतलेला चेहरा असलेलं दृश्य लावून. साउंडबार प्रत्येक पोर्टसाठी किंवा मोडसाठी वेगळा डिले लक्षात ठेवत असेल तर उत्तम. ठेवत नसेल तर शून्य गेमसाठी आणि हा आकडा चित्रपटासाठी असं एका चिठ्ठीवर लिहून रिमोटच्या मागे चिकटवा. माझ्या रिमोटला ती चिठ्ठी आजही आहे.

हे सगळं करूनही टीव्ही आणि साउंडबारमधला फरक ४०-५० मिलिसेकंदांवर अडून बसला आणि साउंडबारला आत येणारं एचडीएमआय नसेल, तर एक छोटी पेटी मिळते जी कन्सोलचा सिग्नल दोन भागांत वाटते : चित्र टीव्हीला आणि आवाज थेट साउंडबारच्या ई-आर्क पोर्टला. घेताना ती ४के १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय) पुढे जाऊ देते का आणि तिच्यावर आवाजासाठी स्वतंत्र ई-आर्क आउटपुट आहे का, हे दोन्ही तपासा. तेही नको असेल तर चुरशीच्या सामन्यांपुरता वायरचा हेडफोन कंट्रोलरला लावा, आणि साउंडबार बाकीच्या वेळी वाजू द्या.